लाइनवर माणूस हाये

आमच्या सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मर आहे, ब्रेकर आहेत, बॅटऱ्यांची वेगळी खोली आहे, पण खरं यंत्र म्हणजे टेबलावरचा फोन. बाकीची यंत्रं अधूनमधून बंद पडतात, हा कधी पडत नाही. लाइट गेली की पंखा थांबायच्या आत तो वाजायला लागतो. पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, नमस्कार करत नाही, सरळ आईवरून सुरू करतो. नवा ऑपरेटर पहिल्या आठवड्यात उलट शिव्या देतो, दुसऱ्या आठवड्यात रिसीव्हर बाजूला काढून ठेवतो आणि तिसऱ्या आठवड्यात मेमो खाऊन शहाणा होतो. आमचे जुने ऑपरेटर दिगंबर अवसरमोल यांच्यावर यातलं काहीच करायची पाळी आली नाही. ते फोन उचलायचे आणि 'हॅलो'च्या जागी म्हणायचे, "बोला, लाइनवर माणूस हाये."

समोरचा क्षणभर गोंधळायचा. मग नव्या दमाने सुरू व्हायचा. अवसरमोल पूर्ण ऐकून घ्यायचे, मध्येच तोडायचे नाहीत, आणि शेवटी म्हणायचे, "झालं का बावा? आता पाणी पे. तो खाली उतरला की सोडतो लाइन." आसपासच्या गावांत त्यांना अवसरमोल म्हणून फार थोडे लोक ओळखत. 'तो माणूस हायेवाला' म्हटलं की पोराबाळांनाही कळायचं.

आमचं सबस्टेशन चिखली तालुक्यात आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच कामाला आहे. मी ठेक्यावरचा ऑपरेटर. दरवर्षी माझा ठेकेदार बदलतो, मी बदलत नाही. मी बी.ए. होऊन मग आयटीआय केलं, ही गोष्ट अवसरमोलांना फार गमतीची वाटायची. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अय बी.ए., च्या मांड," नाही तर "बी.ए., तुह्या पुस्तकात लिहेल हाये का, उंदीर केबल काऊन खाते?"

अंगाने काटक, उंच, बोटं लांब. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे तांब्याची तार वळवून बसवलेली. त्यांची एक खोड अशी की ते पॅनलकडे पाठ करून कधी बसत नसत. पॅनल म्हणजे भिंतीलगतची लोखंडी कपाटं, प्रत्येक फिडरचं एक. सबस्टेशनातून गावांकडे तारांचे जे फाटे जातात त्यांना फिडर म्हणतात, आणि कपाटावरच्या मुठीनं तो फाटा बंद करायचा किंवा चालू करायचा. अवसरमोल जेवतानाही तोंड त्या मुठींकडे ठेवायचे. भाकरी, ठेचा, कांदा, आणि नजर समोर. एकदा माझ्या बहिणीच्या लग्नाला आले, तर मांडवात नवरा-नवरीकडे पाठ आणि जनरेटरकडे तोंड करून बसले. माझी आई म्हणाली, "हे कोण बसलं रुसून?"

फिडरवर काम करायचं असेल तर लाइनमन आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो, म्हणजे तो फिडर बंद करून घेतो. काम झालं की परमिट परत करतो आणि मग ऑपरेटर लाइन सोडतो, म्हणजे वीज पुन्हा चालू करतो. कागदावर ही पद्धत चोख आहे. लाइनमनने सबस्टेशनात यायचं, सही करायची, खांबावर जायचं, परत येऊन पुन्हा सही करायची. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या काळी माणसं असतील. आता एकेका लाइनमनकडे इतकी गावं की सही करायला आला तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून परमिट मोबाइलवर. "भाऊ, बंद करा, चढून राह्यलो." आणि मग, "भाऊ, उतरलो, सोडा." एवढ्या दोन वाक्यांवर माणसाचा जीव असतो, आणि ती ऐकणारा सोळा-सोळा तास जागा असतो.

अवसरमोलांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. आमच्याकडे उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या डोक्याला दुपट्टा असतोच. त्यांनी प्रत्येक लाइनमनकडून त्याचा वापरलेला एक दुपट्टा मागून घेतला. धुतलेला नको, वापरलेलाच. ते सगळे दाराआडच्या खिळ्यांवर टांगलेले असत. फोनवर परमिट घेतलं की त्या माणसाचा दुपट्टा काढायचा आणि त्या फिडरच्या मुठीला बांधायचा. एकाच फिडरवर दोघं चढले तर मुठीला दोन दुपट्टे. माणूस खाली उतरून स्वतः बोलला, त्याचा आवाज ओळखू आला, की त्याचाच दुपट्टा सोडायचा. दुसऱ्याने त्याच्यातर्फे सांगितलेलं चालायचं नाही. मूठ पूर्ण उघडी झाल्याशिवाय लाइन सुटायची नाही.

"कागद मले झोपीत वाचता येत नाही," ते म्हणायचे. "पण रफिकच्या दुपट्ट्याचा वास झोपीतबी येते."

रफिकभाई आमचा लाइनमन, माझ्यासारखाच ठेक्यावरचा. चाळिशी ओलांडलेला, गालात कायम तंबाखूचा खर्रा, तोंड कायम चालू. तो सबस्टेशनात आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "भाऊ, मेरा दुपट्टा कभी धोके भी देते जाव." अवसरमोल म्हणायचे, "तुले पाह्यजे तं नवीन घे, हा माह्याजवळच राहीन." ईदेला रफिकभाईच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा. अवसरमोल तो पॅनलसमोर उभं राहून खायचे आणि डबा घासून परत द्यायचे. दोघांची मैत्री होती असं मी म्हणेन, पण दोघांनी तो शब्द कधी वापरला नाही.

एकदाच, पावसाळा संपत आला असताना, चहा पिता पिता ते मला म्हणाले, "बी.ए., इतकी वर्सं झाली, माह्या हातानं एकबी माणूस गेला नाही. प्रमोशन नाही भेटलं, जाऊ दे. पण रिटायर होईन तवा हे असंच राह्यलं पाह्यजे. मले दुसरं काहीच नको." बोलून झाल्यावर त्यांनी टेबलाच्या लाकडाला बोट लावलं आणि स्वतःच लाजल्यासारखे हसले.

ते असंच राहणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. आमचा तिसरा ऑपरेटर निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. तीन पाळ्या दोघांत आल्या. एक आजारी पडला की दुसऱ्याने तिथेच राहायचं. त्यात मोबाइलवर ग्रुप आला. पूर्वी साहेबाचा फोन यायचा, आता साहेब खिशातच येऊन बसला. सप्लाय का बंद, किती मिनिटं बंद, फोटो टाका, जागेवर उभे राहून टाका, आत्ता टाका. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्या वरचा साहेब त्याला दुसऱ्या ग्रुपवर सगळ्यांदेखत झापायचा, ते तो आमच्या ग्रुपवर उतरवायचा. बायकोशी भांडण झालं की माणूस राग बैलावर काढतो, तसं. फक्त आमच्याकडे पुढे कोणी बैल नव्हता.

मग कंपनीला आमची काळजी वाटली. बुलढाण्याला एका सभागृहात 'ताणतणाव व्यवस्थापन' नावाचं शिबिर ठेवलं. ज्याला सुटी असेल त्याने सुटीत यायचं. आमच्या पॅनलवर त्या दिवसापुरता दुसऱ्या सबस्टेशनचा माणूस बसवला होता. अवसरमोल सलग दोन पाळ्या करून एसटीने आले, अंघोळ न करता. व्याख्याते छान होते, मऊ बोलणारे. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि नदीकाठची कल्पना करत मंद हसायला सांगितलं. अवसरमोलांनी डोळे मिटले आणि ते घोरायला लागले. सभागृह हसलं. व्याख्यात्यांनी त्यांना उठवून उभं केलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला कशाचं टेन्शन येतं? मनमोकळं सांगा."

"टेन्शन नाही साहेब," ते डोळे चोळत म्हणाले. "झोप नाही. तिसरा माणूस द्या, मंग तुमी म्हणान तेवढा येळ हासतो."

पुन्हा सगळे हसले. व्याख्यातेही हसले आणि म्हणाले, "बघा, विनोदबुद्धी हीच खरी ताकद." मग आम्ही सगळ्यांनी हात वर करून खोटं खोटं हसण्याचा व्यायाम केला. अवसरमोलांनीही केला. त्यांचं ते हसणं आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. निघताना प्रत्येकाला गुलाबाचं फूल मिळालं. ते घेऊन ते तसेच संध्याकाळच्या पाळीवर गेले.

त्याच हिवाळ्यात तपासणी आली. वरच्या साहेबांनी मुठींना बांधलेले मळके दुपट्टे पाहिले आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हा धोबीघाट कोणाचा?' अवसरमोलांनी हात जोडून सगळी पद्धत समजावली. कोणता दुपट्टा कोणाचा, दोन का बांधतो, सगळं. साहेब म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण दिसायला बरं नाही. तुम्हाला लाल पाट्या पाठवतो, छापील, साखळीसकट." दुपट्टे काढले गेले. पुढे त्याच दुपट्ट्यांनी ट्रान्सफॉर्मरखालचं तेल पुसलं गेलं. पाट्या आल्या नाहीत.

त्या दिवसापासून अवसरमोल डाव्या हाताच्या बोटांना दोरे बांधायला लागले. अंगठा रफिकचा. करंगळी दुसऱ्या लाइनमनची. मी म्हटलं, "भाऊ, बोटं काळी पडतील." ते म्हणाले, "पडू दे. साहेब बोटं तं काढून नाही नेणार."

मग गव्हाच्या पाण्याचे दिवस आले. त्या दिवशी शेतीच्या फिडरची तार एका वळणावर तुटली होती. रफिकभाई सकाळीच परमिट घेऊन चढला. दुपार झाली तरी त्याचा फोन नाही. अवसरमोलांनी लावला तर बंद. इकडे शिवारात मोटारी बंद, गहू ओंबीवर आलेला, आणि टेबलावरचा फोन थांबायला तयार नाही. मी पाळी बदलायला पोचलो तेव्हा फाटकाबाहेर मोटारसायकली उभ्या होत्या आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं उतरत होती. मला आत जाताच येईना. मी खिडकीतून पाहत राहिलो.

"लाइन सोड," पुढचा माणूस म्हणाला.

"लाइनवर माणूस हाये."

"कोणता माणूस? दाखव ना. सकाळपासून तेच सांगून राह्यला तू. तार जोडून झाली, आमी पाह्यली डोयानं. खांबावर कोणी नाही."

"तो सोता बोलला की सोडतो. तोपर्यंत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा अवसरमोल पॅनलकडे पाठ करून उभे होते. दोन्ही हात पसरलेले, मागे ती मूठ. कोणीतरी त्यांना थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला, तारेची काडी निघून गेली. दुसरा मोबाइलवर चित्रण करत होता. मारणारा त्यांच्याच गावचा, त्यांच्या मुलीच्या वयाचा. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. पुन्हा मारलं, तरी नाही.

तेवढ्यात रफिकभाई मोटारसायकलवरून आला. तो केव्हाचाच उतरला होता. मोबाइलची बॅटरी संपली, म्हणून चार्ज करायला जवळच्या वस्तीवर गेला, तर वस्तीची लाइटही त्याच फिडरवरची, म्हणजे बंद. लाइट नाही म्हणून मोबाइल चार्ज होईना, आणि मोबाइल नाही म्हणून लाइट येईना. दुसऱ्याच्या फोनवरून करावा तर नंबर पाठ नाही, आणि ज्यांच्याकडे नंबर होता ते ट्रॉलीत बसून आमच्याकडे आलेले. शेवटी वळसा घालून तो सबस्टेशनातच आला. वाटेत एक चहाही प्यायला.

आधी माणसं हसली. मग आपण कोणाला आणि कशासाठी मारलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि एकेक करून ती बाहेर पडली. माफी कोणी मागितली नाही. रफिकभाई अवसरमोलांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "भाऊ, मेरे वास्ते मार खाया तुमने. मै चाय पी रहा था."

"जिता हायेस ना?" अवसरमोल म्हणाले. "मंग झालं. ऊठ." त्यांनी अंगठ्याचा दोरा सोडला आणि लाइन सोडली. मग खाली वाकून चष्म्याची काडी शोधायला लागले.

मार त्यांना फारसा लागला नाही. लागलं ते नंतरचं. काम झालेलं असताना सप्लाय इतका वेळ बंद का ठेवला, म्हणून त्यांनाच खुलासा मागितला. साहेबांनी समजावलं, पोलिसात जाऊ नका, गाव आपलंच आहे. आणि मग म्हणाले, "अवसरमोल, तुम्ही थोडं समजून घ्यायला पाहिजे होतं. तार जोडलेली लोकांनी पाहिली होती ना?" ते चित्रण सगळ्या तालुक्यात फिरलं, खाली हसणारी तोंडं टाकलेली. माणूस मेला नाही म्हणून त्यांचं चुकलं, असा सगळा हिशेब होता. रफिकभाई त्या वेळी खांबावर असता तर त्यांचा सत्कार झाला असता, असंही मला वाटत नाही.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात शंका शिरली. लाइन सोडायच्या आधी ते लाइनमनला परत परत फोन करायचे. "उतरला ना? जमिनीवर हाये ना? तुह्या पायाखाली काय हाये सांग."

"माती हाये भाऊ."

"कोणती माती? काळी का मुरमाड?"

आधी लाइनमन हसायचे, मग वैतागायला लागले. लाइन सोडल्यावरही ते फोन करायचे, बरा हायेस ना म्हणून. जेवताना घास हातात धरून ऐकत राहायचे. फोन वाजत नसताना उचलायचे. घरी गेले की अंगणात येरझारा घालायचे आणि मला फोन करायचे, "बी.ए., मी निंगालो तवा कोण चढेल होता?" मी सांगायचो, "कोणीच नाही भाऊ. तुम्ही मला मोकळी लाइन दिली." थोड्या वेळाने पुन्हा तोच फोन, तोच प्रश्न.

एका दुपारी मी पाळीवर पोचलो तर ते मुठीवर हात ठेवून उभे. सगळे खाली उतरलेले, सगळ्यांचे फोन आलेले, बोटं मोकळी. तरी हात फिरत नव्हता. शर्ट घामाने चिकटलेला.

"बी.ए., तू सोड," ते म्हणाले. "मले मुठीत माणूस दिसते."

मी लाइन सोडली. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची वाटली, कारण मीही तेच काम करत होतो आणि मला अजून काही दिसत नव्हतं एवढंच.

त्यांनी कचेरीत बसायचं काम मागितलं. साहेब म्हणाले, "द्यायला ना नाही, पण ऑपरेटर कुठून आणू?" बुलढाण्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या त्यांच्या डब्याच्या पिशवीत तशाच पडून राहिल्या. दोन पाळ्यांच्या मध्ये जेमतेम पाच तास मिळायचे आणि गोळी घेतली की आठ तास गुंगी. "गोळी घेऊन आलो अन् कोणी चढेल असला तं?" ते म्हणायचे.

सुलोचनावहिनी, त्यांची बायको, सरळ आणि कमी बोलणारी बाई. ती डबा घेऊन यायची आणि बाहेर लिंबाखाली बसून राहायची. एकदा ते अंगणात मीटर पाहायला गेले होते आणि फोन वाजत होता, म्हणून तिने आत येऊन उचलला. पलीकडून जे ऐकू आलं ते ऐकून तिने रिसीव्हर हळूच खाली ठेवला. "हे रोज?" तिने मला विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती साहेबाच्या कचेरीत गेली आणि दारासमोर फरशीवर बसली. शिपायाने उठवलं, उठली नाही. साहेब जेवायला गेले, आले, तरी ती तिथेच.

"साहेब, यांले रजा द्या," ती म्हणाली. "आता घरी आले तं माणूस राहीन. नाही तं तुमाले पंचनामा करा लागीन."

साहेबांनी रजा दिली. मला फार आनंद झाला होता. माझ्या पाळ्या वाढणार हे कळत असूनही झाला होता. वहिनी त्यांना हाताला धरून जीपपर्यंत घेऊन गेली आणि ते एकदाही मागे वळून न पाहता गेले.

त्यांच्या जागी ठेकेदाराने एक माणूस पाठवला. बाहेरच्या तालुक्यातला, आधी एका कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी पाहायचा. दोन दिवस माझ्याजवळ उभा राहिला, तिसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बसवलं. अवसरमोलांची दोऱ्याची पद्धत मी त्याला सांगितली. तो हसला. त्याची चूक नव्हती, मोठ्या माणसाला बोटाला दोरा बांध म्हटलं तर कोणीही हसेल.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी वावटळ आली आणि एकाच फिडरवर दोन ठिकाणी तार पडली. एका टोकाला दुसरा लाइनमन चढला, दुसऱ्या टोकाला रफिकभाई. दोघांनीही त्या नव्या माणसाकडून फोनवर परमिट घेतलं. फोन त्या दिवशीही थांबत नव्हता आणि ग्रुपवर मिनिटं मोजणं चालू होतं. पहिला लाइनमन उतरला आणि त्याने फोन केला, "उतरलो, सोडा." नव्या माणसाने लाइन सोडली. त्याच्या डोक्यात परमिट एकच होतं. रफिकभाई वरच होता. तारेला जमिनीशी जोडणारी साखळी टाकायची असते, म्हणजे चुकून वीज आली तरी माणूस वाचतो. ती साखळी दोघांत एकच होती, आणि ती पहिल्याकडे होती.

मला कळलं तेव्हा मी घरी झोपलो होतो. गेलो, तर खांबाखाली लोक गोळा झाले होते. जे लोक लाइन सोड म्हणून ट्रॉली भरून आले होते, त्यातलेही होते. त्यांनीच त्याला खाली उतरवलं. चौकशीत 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं निघालं. कोणता कर्मचारी ते मला विचारू नका, मेलेला आणि जिता दोघंही त्यात बसतात. नव्या माणसाला काढून टाकलं. तो जाताना माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला त्याचा राग आला नाही. मला ज्यांचा राग आला ते त्या दिवशी ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहीत होते.

अवसरमोलांना कळू द्यायचं नाही, असं वहिनीने ठरवलं होतं. मोबाइल लपवला, शेजाऱ्यांना सांगितलं. पण एवढी बातमी गावात लपते थोडीच. आठ दिवसांनी वहिनीचाच मला फोन आला, "भाऊ, एकदा येऊन जा. ते जेवत नाहीत." मी जीपने गेलो. तीच आमची शेवटची भेट. ते सबस्टेशनात पुन्हा कधी आले नाहीत; पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि मग नंबर बदलला.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं अंगण, आत फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती. ते बाजेवर बसले होते. दाढी केलेली होती, केस विंचरलेले होते, तरी ओळखायला वेळ लागावा इतके वाळले होते.

"जयभीम भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. "पहिलं परमिट कोणी घेतलं होतं?" चौकशी अधिकाऱ्यासारखं एकेक विचारत गेले. कोणता फिडर, कोण कुठे चढलं, साखळी कोणाजवळ. मी सगळं खरं सांगितलं. खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, पण त्यांच्यासमोर जमलं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता हे म्हणतील की माझ्या हातून झालं, म्हणून मी आधीच म्हणालो, "भाऊ, तुम्ही रजेवर होता. तुमच्या हातून काहीच झालेलं नाही. तुमच्या हातून आजवर एकही माणूस गेला नाही."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तं रजा घेतली म्या. हात वाचवले आपले. रफिक नाही वाचला."

वहिनी दारात उभी होती, पाण्याचा तांब्या तसाच हातात.

"साहेबाले सांग," ते म्हणाले, "उद्या सकाळच्या ड्यूटीले मी येतो."

मी घाबरून वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता ओरडेल, नाही म्हणेल, डॉक्टरांचं नाव घेईल. तिने तांब्या खाली ठेवला, आत गेली आणि खुंटीवरचा त्यांचा ड्यूटीचा शर्ट घेऊन आली.

"वहिनी, तुम्हीच त्यांना घरी आणलं होतं ना?" मी म्हटलं.

"हाव, म्याच आणलं," ती म्हणाली. "त्या फरशीवर मी बसली नसती तं रफिकभाऊची बायको आज एकटी नसती. मी कोणत्या तोंडानं यांले थांबवू, तुमीच सांगा."

तिने शर्ट त्यांच्या हातात दिला. मी कसाबसा चहा घेतला आणि निघालो. अंगणातून बाहेर पडताना मागे पाहिलं. अवसरमोल भर उन्हात शर्टाची बटणं लावत उभे होते आणि वहिनी वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. ड्यूटी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.